फोमखालचे बारा गोळे ते दोन महिन्यांनंतरचा पेट स्कॅन

थ्रेड. एका मऊ गादीवर १२ गोळे मांडले होते. ते हाताला लागावेत पण डोळ्यांना दिसू नयेत, म्हणून त्यांवर फोमचा थर अंथरला होता. मग १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना सांगण्यात आले: रुग्णाच्या अंगावरील गाठ आपण रोज जशी मोजता तशीच ही मोजा, साधनेही आपली नेहमीचीच वापरा. या १२ गोळ्यांत समान आकाराच्या दोन जोड्या होत्या.

मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली यांचा हा प्रयोग १९७६ साली ‘कॅन्सर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. गाठीच्या दोन छेदणाऱ्या व्यासांचा गुणाकार २५ टक्क्यांनी घटला की औषध लागू पडले, असा निकष धरला, तर निव्वळ मोजणीतील चुकीमुळे १९ ते २५ टक्के वेळा औषध लागू पडल्याचे दिसेल. निकष ५० टक्क्यांवर नेला, तर हीच चूक ७ ते ८ टक्क्यांवर येते. गोळ्यांना अर्थातच कोणी औषध दिलेले नव्हते.

वैद्यकाच्या इतिहासातील हा प्रयोग मला विशेष आवडतो, कारण त्यात कसलाही शोध नाही. त्यात आहे तो आपल्या मापनाविषयीचा संशय. त्या काळी केमोथेरपीची नवनवी औषधे येत होती आणि ‘इतक्या टक्के रुग्णांना गुण आला’ असे अहवाल छापले जात होते. त्या टक्क्यांतील काही भाग औषधाचा नसून मोजणाऱ्याच्या बोटांचा आहे, हे दोघांनी आकड्यांत दाखवून दिले. ५० टक्क्यांची प्रथा आधीपासून होतीच. आता तिला आधार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ साली काढलेल्या पुस्तिकेत हाच निकष स्वीकारला गेला.

पुढे २००० साली ‘रेसिस्ट’ नावाची नवी नियमावली आली. तिने दोन व्यासांऐवजी एकच, सर्वांत लांब व्यास मोजायला सांगितले आणि ३० टक्के घट ही सीमा ठरवली. हिशेब करून पाहा: व्यास मूळच्या ०.७ पट झाला, तर ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९. जुना निम्म्याचा निकषच नव्या वेषात आला होता. आजही जगभरच्या औषधचाचण्यांत ही ३० टक्क्यांची सीमा वापरली जाते, आणि पुष्कळांना ती शरीराच्या एखाद्या नियमातून आली असावी असे वाटते. वास्तविक, मोजणाऱ्याला विश्वासाने ओळखता येईल एवढा फरक, इतकाच तिचा उगम आहे.

दरम्यान १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला. जेथे हात पोहोचत नव्हता तेथे आता नजर पोहोचली. मात्र प्रश्न जुनाच राहिला: गाठ केवढी आहे?

हा प्रश्न अपुरा आहे, हे सर्वांत तीव्रतेने जाणवले ते हॉजकिन लिम्फोमा या आजारात. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली त्याचे पहिले वर्णन केले. हा लसिकाग्रंथींचा कर्करोग. मान, काख, छातीचा मध्यभाग येथे गाठी येतात. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही. विशीतिशीतील माणसे त्याला मोठ्या प्रमाणावर बळी पडतात, म्हणजे हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वयाची माणसे.

१९६० च्या दशकापर्यंत पसरलेला हॉजकिन म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार औषधे एकत्र देण्याची पद्धत आणली. ‘मॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराचे निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. काही वर्षांतच मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी ‘एबीव्हीडी’ हा दुसरा चौकडा तयार केला. पसरलेला हॉजकिन बरा होऊ लागला. मग इतिहासात नेहमी होते तेच झाले: एक प्रश्न सुटताच त्याच्या पोटातून दुसरा निघाला.

बरे झालेले तरुण पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगणार होते, आणि उपचारांचे देणेही तेवढाच काळ फेडणार होते. मॉपमुळे अनेकांना वंध्यत्व आले. छातीवर किरणोपचार घेतलेल्या तरुणींमध्ये पुढील आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसून आले, हृदयविकाराचाही. एबीव्हीडीतील ‘बी’ म्हणजे ब्लिओमायसिन. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी जिवाणूपासून मिळवलेले हे औषध काही रुग्णांच्या फुफ्फुसांना कायमची इजा करते, क्वचित ती इजा प्राणावरही बेतते. साहजिकच, कोणाला किती उपचार पुरे, हा प्रश्न कळीचा झाला. ज्याला कमी पुरेल त्याला जास्त देणे हा अपराध, आणि ज्याला जास्त हवे त्याला कमी देणे हा त्याहून मोठा.

येथे सीटी स्कॅन हतबल होता. हॉजकिनच्या गाठीत प्रत्यक्ष कर्कपेशी अत्यल्प असतात, जेमतेम शेकडा एकाच्या आसपास. बाकी सारी त्यांनी आपल्याभोवती जमवलेल्या दाहपेशींची गर्दी आणि तंतुमय ऊती. औषधाने कर्कपेशी मेल्या तरी छातीतील गाठ पूर्ण विरघळत नाही, व्रणासारखा गोळा शिल्लक राहतो. सीटीवर मेलेला व्रण आणि जिवंत रोग सारखेच दिसतात. डॉक्टर पाहत राहत, तीन महिन्यांनी पुन्हा पाहत. रुग्णाच्या बाजूने ते तीन महिने कसे जात असतील याची नोंद कोणत्याही शोधनिबंधात सापडत नाही.

आता पुन्हा १९७६ कडे जाऊ. ज्या वर्षी फोमखालच्या गोळ्यांचा निबंध छापला गेला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतच दुसरी एक घटना घडली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत तात्सुओ इडो, जोआना फाउलर, आल्फ्रेड वुल्फ आदी रसायनशास्त्रज्ञांनी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर तयार केली होती: एफडीजी. ती विमानाने फिलाडेल्फियाला नेण्यात आली आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ती दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचली. घाई आवश्यकच होती, कारण या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे आहे. दर पावणेदोन-दोन तासांनी निम्मा माल हवेत!

त्या शास्त्रज्ञांचे लक्ष कर्करोगाकडे नव्हते. त्यांना जिवंत मेंदू साखर कशी वापरतो ते पाहायचे होते. एफडीजी पेशीत शिरते, ग्लुकोजप्रमाणे तिच्यावर पहिली रासायनिक क्रिया होते, पण पुढची होऊ शकत नाही, म्हणून ती आतच अडकून पडते. जी पेशी जास्त साखर ओढते ती स्कॅनवर जास्त उजळते. ही क्लृप्ती मेंदूसाठी होती. ती कर्करोगाला लागू पडली त्याचे कारण मात्र त्याआधी पन्नास वर्षे, १९२० च्या दशकातील बर्लिनमध्ये सापडले होते.

तेथे ओटो वारबुर्ग यांनी उंदीर जातीच्या प्राण्यांतील गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वसनव्यवहार मोजला. कर्कपेशी भरमसाट ग्लुकोज घेतात आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही त्याचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करत बसतात, असे त्यांना आढळले. कर्करोगाचे मूळ कारण हेच, असा वारबुर्ग यांचा आग्रह पुढे टिकला नाही. निरीक्षण मात्र टिकले. (त्यांना १९३१ साली मिळालेले नोबेल या कामासाठी नव्हते, श्वसन-विकरावरील संशोधनासाठी होते. समाजमाध्यमांवर हे दोन्ही सर्रास एकत्र केले जाते.)

१९८० च्या दशकाच्या आरंभी जिओव्हानी डी किरो यांनी मेंदूतील गाठींवर एफडीजी वापरून दाखवले. पण या कथेला वळण देणारे काम १९९३ चे आहे. मिशिगन विद्यापीठात रिचर्ड वाल आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ११ स्त्रियांचे उपचार चालू असतानाच वारंवार पेट स्कॅन केले. ज्यांना पुढे गुण आला त्यांच्या गाठींनी आठव्या दिवशीच साखर घेणे कमी केले होते. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या गाठींत अशी घट दिसली नाही. रुग्ण अवघे ११. तरीही प्रश्न बदलला होता. ‘गाठ लहान झाली का?’ याच्या जागी ‘ही गाठ लहान होईल का?’ असे विचारता येऊ लागले.

आकार किती फसवा असू शकतो, याचे ठळक उदाहरण २००० साली हेलसिंकीत मिळाले. पोटातील ‘जिस्ट’ या दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगाने ग्रस्त एका फिनिश महिलेला हैक्की योएन्सू यांच्या देखरेखीखाली इमॅटिनिब हे तेव्हा नवे असलेले औषध देण्यात आले. महिन्याभराने केलेल्या पेट स्कॅनवर गाठींतील साखरेची ओढ नाहीशी झाली होती. नंतर अनेक जिस्ट रुग्णांत असे दिसले की औषध उत्तम लागू पडत असतानाही सीटीवर गाठ फारशी आक्रसत नाही, फक्त आतून मऊ, विरळ होते. जुन्या निकषाने मोजले असते तर चांगले औषध निकामी ठरले असते. म्हणून २००७ साली टेक्सासच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील हेसन चोई यांनी जिस्टसाठी निराळी कसोटी मांडली: आकारात १० टक्के किंवा सीटीवरील घनतेत १५ टक्के घट. फोमखालच्या गोळ्यांच्या तुलनेत हे आकडे किती लहान आहेत, पाहा.

त्याच २००७ साली हॉजकिनबाबतचा निर्णायक पुरावा आला. इटलीतील आंद्रेआ गालामिनी आणि डेन्मार्कमधील मार्टिन हचिंग्स यांनी दोन्ही देशांतील मिळून २६० रुग्णांची माहिती एकत्र केली. प्रत्येकाचा पेट स्कॅन एबीव्हीडीच्या दोन फेऱ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी झालेला होता. उपचार अजून बराच बाकी होता. ज्यांचा हा स्कॅन स्वच्छ होता त्यांच्यापैकी ९५ टक्के दोन वर्षांनंतरही रोगाने पुन्हा डोके वर न काढता होते. ज्यांच्या स्कॅनवर उजेड शिल्लक होता त्यांच्यात हे प्रमाण १२.८ टक्के.

ही तफावत पुन्हा वाचा. तोवर रुग्णाचे भवितव्य वर्तवण्यासाठी वय, लिंग, रक्तातील अल्ब्युमिन, पांढऱ्या पेशी अशा सात घटकांची गुणपत्रिका वापरली जाई. एका स्कॅनने तिला मागे टाकले. यामागचे कारण बहुधा त्या शेकडा एका पेशीत आहे. कर्कपेशी जिवंत असेपर्यंत भोवतालच्या दाहपेशींना डिवचत राहतात आणि ती गर्दी साखर ओढून स्कॅनवर पेटलेली दिसते. त्या मेल्या की सारी गर्दीच निवते. मूठभर पेशींचा मृत्यू गर्दीच्या शांततेतून ऐकू येतो.

आता मोर्टेल-हॅन्ली यांची शंका नव्या रूपात उभी राहिली. ‘उजेड’ कोणाला म्हणायचे? एका डॉक्टरला दिसलेली फिकट झाक दुसऱ्याला दिसेलच असे नाही. यासाठी एप्रिल २००९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डोव्हिल या गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी पाच पायऱ्यांची मोजपट्टी स्वीकारली. तिची खुबी अशी की पट्टी बाहेरची नाही, रुग्णाच्याच शरीरातील आहे. गाठीचा उजेड छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांतील रक्ताच्या उजेडाशी आणि यकृताच्या उजेडाशी ताडून पाहायचा. यकृताइतका वा त्याहून कमी असेल तर १ ते ३, त्याहून जास्त असेल तर ४ किंवा ५. यंत्र कोणतेही असो, शहर कोणतेही असो, यकृत सोबत असतेच.

शहराचा उल्लेख आला म्हणून एक टीप. एफडीजी सायक्लोट्रॉनमध्ये निर्माण केलेल्या फ्लोरिनपासून बनते, आणि ११० मिनिटांचे अर्धायुष्य असलेला माल परदेशातून मागवता येत नाही. भारतात वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅन यांची सुरुवात २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही शाखा टाटा मेमोरियलच्या परिसरात १९६३ पासून काम करते. आणि आपल्याकडे आल्याबरोबर या तंत्राला आपला जुना शत्रू भेटला: क्षयरोग. क्षयाने सुजलेल्या ग्रंथीतील दाहपेशीही साखर ओढतात आणि स्कॅनवर कर्करोगासारख्याच उजळतात. कोपनहेगनमधील डॉक्टरला जो उजेड पाहून उपचार वाढवावेसे वाटतील, तोच परळमध्ये दिसला तर आधी सुईने तुकडा काढून तपासण्याचा विचार करावा लागतो. प्रतिमा सर्वत्र सारखी, तिचा अर्थ मात्र प्रदेशानुसार बदलतो.

अंदाज वर्तवणे एक, आणि त्या अंदाजावर विसंबून औषध कमी करणे दुसरे. दुसऱ्यासाठी धाडस लागते, आणि धाडसाला चाचणीची शिस्त लागते. ‘रॅथल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष ब्रिटनचे पीटर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. वाढलेल्या हॉजकिनचे १२०० हून अधिक रुग्ण तिच्यात होते. दोन फेऱ्यांनंतर ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला अशा ९३७ जणांपैकी जवळजवळ सर्वांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली: निम्म्यांना पूर्ण एबीव्हीडी, निम्म्यांना ब्लिओमायसिन वगळून उरलेली तीन औषधे. तीन वर्षांनी रोग न बळावता असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८५.७ टक्के, दुसऱ्यात ८४.४ टक्के. जिवंत असलेल्यांचे प्रमाण ९७.२ आणि ९७.६ टक्के. फुफ्फुसांचा त्रास दुसऱ्या गटात कमी.

येथे एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण लोकप्रिय लेखांत ती गळून पडते. ‘दोन्ही उपचार सारखेच’ असे म्हणण्यासाठी संशोधकांनी आधीच एक काटेकोर सांख्यिकीय सीमा ठरवली होती, आणि निकाल त्या सीमेच्या अगदी किंचित बाहेर पडला. त्यांनी ते निबंधाच्या सारांशातच लिहून ठेवले. तरीही अनेक देशांतील डॉक्टरांनी स्वच्छ स्कॅननंतर ब्लिओमायसिन थांबवण्याचा मार्ग स्वीकारला. एका पारड्यात अत्यल्प वाढीव धोका आणि दुसऱ्यात तरुण माणसाची फुफ्फुसे. माझ्या मते त्यांनी योग्य केले. पण हा निर्णय माणसांनी घेतला, आकड्यांनी तो आपोआप दिलेला नव्हता, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे.

ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला नव्हता अशा १७२ जणांना अधिक जहाल उपचार दिले गेले. त्यांच्यापैकी ६७.५ टक्के तीन वर्षांनी रोग न बळावता होते. गालामिनी-हचिंग्स यांच्या पाहणीतील १२.८ टक्के आठवा. दोन्ही पाहण्यांतील रुग्ण आणि पद्धती वेगळ्या, म्हणून थेट वजाबाकी करू नये. पण वेळीच कळण्याचे मोल काय असू शकते, याची कल्पना येते.

स्वच्छ स्कॅनवर किती विसंबावे याची मर्यादा २०१७ साली दिसली. ‘एच१०’ या युरोपीय चाचणीत आरंभीच्या अवस्थेतील हॉजकिन रुग्णांचा प्रश्न होता: दोन फेऱ्यांनंतर स्कॅन स्वच्छ असेल तर किरणोपचार वगळावेत का? सर्वांत सौम्य गटात, किरणोपचार घेतलेल्यांपैकी ९९ टक्के पाच वर्षे रोगमुक्त राहिले. न घेतलेल्यांपैकी ८७.१ टक्के. रोग उलटलेल्यांना पुन्हा उपचार देता येतात, त्यामुळे आज काय गमवावे आणि उद्या काय, हा वाद अजून मिटलेला नाही. शांत दिसणाऱ्या प्रतिमेत न दिसणाऱ्या पेशी असू शकतात, एवढे मात्र निश्चित झाले.

शेवटचा टप्पा संगणकाचा. डोळ्याला न दिसणारे पोत, कडा, छटा यांतून सीटी चित्राचे शेकडो आकडे काढायचे आणि त्यांवरून रोगाचा मार्ग ओळखायचा, या विद्येला ‘रेडिओमिक्स’ म्हणतात. २०१४ साली ह्यूगो एर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुस तसेच डोके-मानेच्या कर्करोगाच्या १०१९ रुग्णांच्या चित्रांतील ४४० गुणधर्म तपासले आणि त्यांतील चार निवडून रुग्णांच्या आयुर्मानाचा अंदाज बांधणारी एक ‘स्वाक्षरी’ तयार केली. तिचा फार गाजावाजा झाला. त्या गटाने आपल्या चित्रांचा एक मोठा संच इतरांसाठी खुला ठेवला होता, ही गोष्ट मला स्वाक्षरीहूनही महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळेच पुढचे घडू शकले.

टोरांटोच्या मॅटिया वेल्श आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्या खुल्या चित्रांवर एक साधी युक्ती केली. गाठीची बाह्यरेषा तशीच ठेवून आतील सर्व ठिपक्यांची त्यांनी मुद्दाम उलथापालथ केली, पत्ते पिसावेत तशी. पोत नष्ट झाला, छटा नष्ट झाल्या. तरीही स्वाक्षरीचा अंदाज होता तसाच राहिला. चार गुणधर्मांपैकी तीन गाठीच्या आकारमानाशी घट्ट बांधलेले निघाले. म्हणजे संगणकसुद्धा मुख्यतः एकच गोष्ट मोजत होता: गाठ केवढी आहे. तेव्हापासून अशा प्रत्येक नव्या स्वाक्षरीला आधी हे विचारले जाते की नुसत्या आकारमानाने जे कळले असते, त्याहून अधिक ती काय सांगते.